प्रोजेक्ट नेमका कोणाचा? पोराचा, आईचा की स्टेशनरीवाल्याचा?

बांयकाठ | १४ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचक होते, आज लिहायला बसले कारण डोकं भणभणलंय. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलात सायन्स शिकवते, सोळा वर्षं झाली. गेल्या वर्षी आठवीला 'पाणी वाचवा' असा प्रोजेक्ट दिला होता. बेचाळीस पोरं, बेचाळीस मॉडेलं. थर्माकोलचं घर, निळ्या जिलेटिनचं पाणी, छपरावरून स्ट्रॉचा पाइप आणि खाली टाकी. त्यातली तीन अगदी जुळी, इतकी की तिन्हींवर 'हार्वेस्टिंग'चं स्पेलिंग एकाच जागी चुकलेलं. चौकशी केली तर कळलं बाजारात एका दुकानात तयार मिळतात, साडेतीनशेला एक, नाव घालून पाहिजे तर वीस जास्त. एका मुलाला विचारलं, बाबा तुझ्या मॉडेलात पाणी कुठून कुठे जातं रे? तो बघत राहिला आणि मग म्हणाला, "टीचर, पप्पांक फोन करूं?"

वर्गात सगळे हसले, मी पण हसले, पण घरी येऊन लाज वाटली कारण त्याच मॉडेलला मी दहापैकी नऊ दिले होते.

आता गेल्या महिन्यात आमचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, विषय प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग आणि टीचरला लागणारी एकविसाव्या शतकातली स्किल्स. एसी हॉल, सामोसे, पीपीटी. क्रिटिकल थिंकिंग, क्रिएटिव्हिटी, कोलॅबरेशन, कम्युनिकेशन हे चार 'सी' इतक्यांदा ऐकले की झोपेत म्हणेन. आणि "आता टीचर म्हणजे लेक्चर देणारा नाही, फॅसिलिटेटर" हे आम्हाला कसं शिकवलं, तर एक माणूस माईक धरून दोन दिवस बोलला आणि आम्ही साठ जण गप्प बसून कोलॅबरेशनच्या नोट्स उतरवत होतो.

माझा प्रश्न साधा आहे. सोमवारी सकाळी आठवी 'ब' मध्ये पाय टाकला की मी वेगळं काय करायचं, आणि त्यासाठी मला स्वतःला काय शिकावं लागेल? कॅनव्हा येतं, गूगल फॉर्म येतो, स्मार्ट बोर्ड चालू करता येतो (बंद पडला तर येत नाही). हेच का ते मॉडर्न स्किल? मला नाही वाटत.

मडगावचो_पप्पा | १४ जून, रात्री ११.०५

टीचर, गुन्हेगार हजर आहे. गेल्या साली रात्री साडेअकराला मी ज्वालामुखी करत होतो, बेकिंग सोडा आणि व्हिनेगर, पेपरमॅशेवर तपकिरी रंग वाळेना म्हणून बायकोने हेअर ड्रायर आणला. पोरगं कधीच झोपलं होतं. सकाळी ते घेऊन गेलं आणि माझ्या ज्वालामुखीला 'ए' मिळाला. खरं सांगतो, आनंद झाला, दहावीनंतर मला पहिल्यांदाच सायन्समध्ये 'ए'.

पण आमच्या बाजूनेही बघा. प्रोजेक्ट गुरुवारी सांगतात आणि सोमवारी आणायचा. बाकी सगळ्यांचं चकचकीत असतं, आपल्याच पोराने वाकडंतिकडं नेलं तर ते रडत परत येतं. मग काय करणार?

शिवोलीची_मावशी | १४ जून, रात्री ११.१२

आमच्याकडे शाळेच्या पालकांचा वॉट्सॅप ग्रुप म्हणजे थर्माकोल कुठे मिळेल एवढाच विषय.

जुना_हेडमास्तर | १५ जून, सकाळी ६.२०

बांयकाठ बाय, चांगला विषय काढलास. फोंडा महालात पस्तीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालोय, त्यामुळे सकाळी सहाला लिहायला वेळ आहे.

एकविसावं शतक म्हणतात ते मला गंमतीचं वाटतं. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक नावाच्या प्राध्यापकाने 'प्रोजेक्ट मेथड' वर लेख लिहिला तो १९१८ साली, म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की मुलाने मनापासून, स्वतःचा हेतू धरून, चारचौघांत राहून केलेलं काम म्हणजे प्रोजेक्ट. त्याचा गुरू जॉन ड्यूई तर त्याच्याही आधी, १८९६ ला, शिकागोत प्रयोगशाळा म्हणून शाळाच काढून बसला होता, तिथे पोरं स्वयंपाक करायची, सुतारकाम करायची आणि त्यातून गणित, रसायन, इतिहास शिकायची. आपल्याकडे गांधीजींनी १९३७ ला वर्ध्याला परिषद घेतली, झाकिर हुसेन समिती बसली, नई तालीम आली, म्हणजे सूत कातता कातता शिकणं. आपण तेव्हा पोर्तुगिजांखाली, त्यामुळे ते वारं आपल्याकडे फारसं आलंच नाही. नंतर आमच्या वेळी कार्यानुभव नावाचा विषय होता, त्यात मेणबत्त्या आणि खडू करायचे. खडू वर्गात वापरले तर तुटायचे.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते मध्य प्रदेशातलं होशंगाबादचं विज्ञान शिकवायचं काम. १९७२ ला १६ शाळांत सुरू झालं, पुढे शेकड्यांनी शाळा झाल्या, २००२ ला सरकारने बंद केलं. तिथे पुस्तकात उत्तरंच नव्हती, प्रयोग करा आणि उत्तर तुम्ही काढा. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा, कारण पुस्तकात बघून उतरवण्यासारखं काही नव्हतंच. आणि मास्तरांचं ट्रेनिंग कसं, तर मास्तरांनी स्वतः तेच प्रयोग करायचे, चुकायचं, भांडायचं. माईक नाही.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच की तू दिलास तो प्रोजेक्ट नव्हता, ती धडा संपल्यावरची आरास होती. प्रश्न आधी यायला पाहिजे आणि धडा त्याच्या मागून. 'पाणी वाचवा' हा प्रश्नच नाही गो, ती भिंतीवरची घोषणा आहे. तिचं उत्तर पोराला आधीच ठाऊक आहे, मग तो थर्माकोलशिवाय काय आणणार?

नववी_दहावी_गणित | १५ जून, दुपारी २.१५

सर तुमचा आदर ठेवून बोलतो, पण हे सगळं ऐकायला गोड आहे. मी नववी-दहावीला गणित शिकवतो. वर्गात पंचेचाळीस, तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, त्यात हजेरी, त्यात कुठला तरी 'डे' साजरा करायचा, त्यात बीएलओची, म्हणजे मतदारयादीची ड्युटी. आठवीतून येणाऱ्या पोरांना अपूर्णांकांची बेरीज येत नाही आणि मी त्यांना काय सांगू, चला आपण पुलाचा प्रोजेक्ट करूया?

आणि रिसर्चही एका बाजूचा नाही. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांचा लेख आला, त्यांचं म्हणणं असं की ज्याला विषयातलं अजून काही येत नाही त्याला कमी मदत देऊन 'तूच शोध' म्हटलं तर तो शिकत नाही, डोक्यावर नुसता ताण येतो. नवशिक्याला नीट समजावून, सोडवलेली उदाहरणं दाखवून शिकवावं लागतं. पोहायला येत नाही त्याला मांडवीत ढकलून "एक्सप्लोर कर" म्हणायचं नसतं.

शिवाय प्रोजेक्टमध्ये कोण चमकतं? ज्याच्या घरी प्रिंटर आहे, गाडी आहे, शिकलेली आई आहे तो. खाणीवरच्या ट्रकवाल्याचं पोर मागे पडतं ते पडतंच.

मडगावचो_पप्पा | १५ जून, दुपारी २.४०

हेअर ड्रायर राहिला.

मानशीकडचो | १५ जून, रात्री ९.५०

गणितवाल्या सरांचं अर्धं म्हणणं मला पटतं, अर्धं नाही, आणि का ते जरा लांबण लावून सांगतो कारण मी हे डोळ्यांनी बघितलंय. मी टीचर नाही, पंप आणि पाइपलाइनच्या धंद्यात आहे, तिसवाडीत खाजन जमिनीच्या काठावर घर. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या शाळेत सातवीच्या टीचरने मला बोलावलं, म्हणाल्या पोरांनी प्रश्न काढलाय की नदीचं पाणी खारं, शेत नदीपेक्षा खाली, मग भरतीला शेत बुडत कसं नाही?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खाजन म्हणजे नदीकाठची सखल शेतजमीन, तिला बांध असतो आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारांची जागा. भरती आली की नदीचं पाणी दाराला ढकलतं आणि दार बंद होतं, ओहोटीला आतलं पाणी दार उघडून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही, माणूसही लागत नाही. आमच्या वाडवडिलांनी हे शेकडो वर्षं चालवलं.

मी सांगून टाकणार होतो. टीचरने मला बाहेर व्हरांड्यात नेऊन स्पष्ट सांगितलं, "भाई, तुम्हाला उत्तर येतं हे मला माहीत आहे म्हणून तर भीती वाटते, कृपा करून सांगू नका."

मग पहिल्यांदा मानस बघायला न्यायचं ठरलं, सकाळी दहाला. गेलो तर भरती, दार पाण्याखाली, काही दिसेना. दोन दिवसांनी परत त्याच वेळी, तरी पाणी पूर्ण उतरलेलं नव्हतं. तेव्हा एका पोराने, त्याचे बाबा होडी चालवतात, सांगितलं की भरती रोज सारख्या वेळेला नसतेच, रोज पाऊण तास तरी पुढे सरकते. मग पोरांनी वेळा लिहायला सुरुवात केली, रोज साधारण पन्नास मिनिटांचा फरक निघाला, आणि तिसरी ट्रिप त्यांनी स्वतः हिशेब करून ठरवली. अपूर्णांक येत नव्हते म्हणता ना सर, तासांची बेरीज-वजाबाकी त्या आठवड्यात जेवढी झाली तेवढी वर्षात झाली नसेल.

त्यानंतर मॉडेल. दुकानातलं नाही, जुना प्लास्टिकचा ट्रे, मध्ये प्लायवूडची भिंत, भिंतीला भोक, आणि सायकलच्या ट्यूबचं रबर कापून दार. एका ग्रुपने दार शेताच्या बाजूला लावलं. मला दिसत होतं की चुकलंय, भरतीचं पाणी ओतल्यावर दार आत उघडणार, हात शिवशिवत होते. टीचर माझ्या शेजारी उभ्या, हाताची घडी घालून. पोरांनी मिठाचं पाणी ओतलं, दार उघडलं, शेतात लावलेली धणे-मेथीची रोपं बुडाली. तिथे जी आरडाओरड झाली! दुसऱ्या दिवशी त्यातला एक पोर आपणहून ओहोटीला मानशीवर जाऊन आला आणि सांगू लागला की दार चौकटीच्या नदीकडच्या अंगाला टेकतं, म्हणून भरतीने ते चौकटीवर दाबलं जातं. दार काढून उलट्या बाजूला लावलं. गळत होतं तरी पण चाललं.

आता सर, टीचरने पोरांना ढकलून दिलं होतं का? नाही. मधे एक अख्खा तास त्यांनी फळ्यावर दाब म्हणजे काय हे जुन्या पद्धतीने शिकवलं, खडू घेऊन, उदाहरणं सोडवून. पण कधी, तर शेत बुडाल्यानंतर. तेव्हा कोणी जांभई दिली नाही. समजावणं पाहिजेच, पण ते पोराला हवं होतं तेव्हा मिळालं. माझ्या मते टीचरने शिकायचं ते हे, तोंड कधी उघडायचं. माझ्या धंद्यातही नव्या पोराच्या हातातून पाना काढून घ्यायचा नाही हे शिकायला मला दहा वर्षं लागली.

बांयकाठ | १५ जून, रात्री १०.३०

मानशीकडचो, शेत बुडालं तिथे मी मोठ्याने हसले, नवरा विचारतोय काय झालं. हेडमास्तर सर, 'घोषणा' हा शब्द लागला पण बरोबर लागला.

मग मी प्रश्न असा बदलला तर? आमच्या शाळेच्या आजूबाजूला वाड्यावर जुन्या बांयी, म्हणजे विहिरी आहेत, बऱ्याच घरांनी नळ आल्यावर सोडल्यात. "आपल्या वाड्यावरच्या बांयींत पाणी किती, ते कधी वाढतं आणि सगळ्या बांयींत सारखं वाढतं का?" पाऊस आत्ताच सुरू झालाय, वेळ बरोबर आहे.

अडचणी दोन. मार्क कसे द्यायचे, कारण ग्रुपमध्ये एक राबतो आणि तीन जण फोटोला उभे राहतात. आणि दुसरं म्हणजे एआय. आमच्या पोरांना 'प्रोजेक्ट' शब्द ऐकला की चॅटजीपीटी, दोन मिनिटांत चार पानं, इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं.

कळंगुटची_टीचर | १६ जून, सकाळी ७.०५

शाळेची बस यायच्या आत लिहिते.

एआयचं सांगू का, तुमच्या प्रश्नाने तो प्रश्न मिटवलाय. तुमच्या वाड्यावरच्या बांयीत काल किती फूट पाणी होतं हे जगातलं कुठलंही एआय सांगू शकत नाही, दोरी सोडावीच लागणार. प्रश्न गूगलवर सुटत असेल तर पोरं गूगलवर सोडवणार, त्यात पोरांची काय चूक. उलट मी त्यांना मुद्दाम विचारायला लावते, चॅटजीपीटीला विचारा की पावसाळ्यात विहिरीचं पाणी का वाढतं, आणि मग त्याच्या उत्तरातलं आपल्या मोजमापाशी काय जुळतं, काय जुळत नाही ते लिहा. खोटं ते इतकं आत्मविश्वासाने बोलतं हे पोरांना एकदा स्वतः पकडू द्या.

मार्कांसाठी रुब्रिक. नाव मोठं आहे, तक्ता साधा आहे, चांगलं काम म्हणजे काय ते आधीच लिहून ठेवायचं, पोरांच्या समोर आणि पोरांकडूनच. मी सहावीला विचारलं होतं, चांगलं मोजमाप म्हणजे काय? एक मुलगी म्हणाली, "दुसऱ्यान मापलें तरी तितलेंच येवपाक जाय." म्हणजे दुसऱ्याने मोजलं तरी तेवढंच यायला पाहिजे. याच्यापेक्षा चांगलं मला पीएचडीवाल्यानेही सांगितलं नसतं, ते तसंच तक्त्यात घातलं. मॉडेल दिसतं कसं याला मी शून्य मार्क ठेवते, हे पालकांना पहिल्याच मीटिंगमध्ये सांगायचं, हेअर ड्रायरवाले पप्पा ऐकताय ना. प्रत्येकाची वेगळी वही, कच्ची, खाडाखोडीची, आणि शेवटी एकेकाला बाजूला घेऊन दोन मिनिटं, तू काय केलंस, कुठे चुकलं, पुन्हा केलंस तर काय बदलशील. फोटोला उभे राहणारे तिथे बरोबर सापडतात.

बस आली.

नववी_दहावी_गणित | १६ जून, दुपारी १.५०

बेचाळीस गुणिले दोन मिनिटं म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटं. दोन तास गेले. एक वर्ग. मला पाच वर्ग आहेत. कोणीतरी हा हिशेब पण करा.

कळंगुटची_टीचर | १६ जून, संध्याकाळी ५.३०

केलाय सर. वर्षात एकच मोठा प्रोजेक्ट घेते, दर महिन्याला नाही. बाकी वर्षभर मी पण खडू-फळाच. दहा छोट्या आराशींऐवजी एक खरं काम, एवढंच. नव्या धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना म्हटलेत, मी त्यातले चार यालाच लावले, हेडमिस्ट्रेसना वेगळं काही करावं लागलं नाही.

एकशिक्षकी | १६ जून, रात्री ८.४५

तुम्ही सगळे हायस्कूलवाले. मी केप्यातल्या एका मराठी माध्यमाच्या सरकारी प्रायमरीत, चार इयत्ता, चौदा पोरं आणि मी. आमच्याकडे हे प्रोजेक्ट बिजेक्ट नाव न घेताच चालतं कारण पर्यायच नाही, पहिलीला वाचायला बसवायचं तर चौथीला काहीतरी स्वतःहून करण्यासारखं द्यावंच लागतं.

गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी माटोळी घेतली होती, फळाफुलांची. घरोघरी गणपतीच्या वर बांधतातच. पोरांना विचारलं, तुमच्या माटोळीतली कुठली वस्तू कुठून येते? फळ्यावर तीन रकाने, परसातून, रानातून, बाजारातून. नारळ, केळ्यांचा घड, सुपारीचं शिपटं परसातून. आंबाडे, तोरिंग कुणाचे परसातले कुणाचे बाजारातले. कवंडाळं, घागऱ्यो, कुड्याच्या शेंगा, हरणांची फुलं रानातून. मग सांगितलं, हेच तीन रकाने आजीला विचारून भरून आणा, ती लहान होती तेव्हाचे. दुसऱ्या दिवशी बघितलं तर आजीच्या तक्त्यात बाजाराचा रकाना जवळजवळ कोरा. पोरं दोन्ही तक्ते शेजारी ठेवून नुसती बघत राहिली.

आणि एक तिसरीतला, जो मला वाटायचं ऐकतच नाही, त्याने विचारलं, "टीचर, लोक वेल मुळासकट ओडून हाडटात, मागीर फुडल्या वर्सा खंय मेळटलो?" म्हणजे लोक वेल मुळासकट ओढून आणतात, मग पुढच्या वर्षी तो कुठे मिळणार? मला उत्तर देता आलं नाही. त्यावर आम्ही आठवडा काढला.

भाषेचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून काढते. पोर बोलतं कोंकणीत, माझं पुस्तक मराठीत, पाचवीला गेलं की सगळं इंग्लिश. वनस्पतींची नावं कोंकणीतली, आजीला विचारायचं कोंकणीत, लिहायचं मराठीत. याला मी अडचण समजायचे, आता नाही, तक्त्यात तिन्ही भाषांचे रकाने करते. पण हायस्कूलात गेल्यावर हीच पोरं गप्प का होतात ते बघा जरा. त्यांच्याकडे सांगायला असतं, इंग्लिश नसतं. टीचरच्या मॉडर्न स्किलमध्ये हे पण घाला, की पोर कुठल्याही भाषेत बोललं तरी आधी ऐकायचं.

जुना_हेडमास्तर | १७ जून, सकाळी ६.१०

एकशिक्षकी बाय, तुला नमस्कार. माईकसकट त्या एसी हॉलात तुला उभी करायला पाहिजे होती.

बांयकाठ | २२ सप्टेंबर, रात्री ९.१५

मंडळी, धागा वर काढतेय. चवथ झाली, शाळा परत सुरू, आणि मला सांगायचंय.

केलं. आठवी 'ब', सात बांयी, सात ग्रुप, दर शनिवारी. कठडा आहे अशाच बांयी घेतल्या, प्रत्येक ठिकाणी घरातलं मोठं माणूस हजर, पालकांच्या सह्या, हे लिहिते कारण आमच्या शाळेच्या हेडमास्तरांचा पहिला प्रश्न तोच होता आणि बरोबरच होता. दोरीला दगड, काठापासून पाण्यापर्यंत किती ते मोजायचं. खर्च सुतळीचा.

पहिल्याच शनिवारी दोन ग्रुपना तीच बांय मोजायला लावली. एकाचं आलं सतरा फूट, दुसऱ्याचं एकोणीस. वर्गात भांडण, तू खोटारडा, तू खोटारडा. मला दोऱ्या बघूनच कळलं होतं काय झालंय. आणि मानशीकडचो भाई, तुमची ती टीचर आठवली आणि मी हाताची घडी घातली. तीन दिवस घडी घातली. जीभ चावून चावून दुखायला लागली. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी, वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल, दोन्ही दोऱ्या व्हरांड्यात फरशीवर शेजारी शेजारी पसरून बसली. एका ग्रुपने फुटाफुटावर नेलपॉलिशने खूण केली होती, दुसऱ्याने फूट मोजून तिथे गाठी मारल्या होत्या. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "टीचर, गांठीन दोरी खाल्ली." प्रत्येक गाठीला सव्वा इंच जातो, एकोणीस गाठींचे दोन फूट गेले. सोळा वर्षं मी 'एरर इन मेजरमेंट' हे शब्द फळ्यावर लिहितेय, कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटलेलं बघितलं नव्हतं.

बाकी सगळं असं गोड नाही. एका ग्रुपने दोन शनिवार जायचा कंटाळा केला आणि आकडे घरी बसून भरले. सापडले कारण त्यातल्या एका शनिवारी ते घरवाले लग्नाला गेले होते आणि गेटला कुलूप होतं. त्यांचं काय करावं मला कळेना, शेवटी वर्गाने ठरवलं की ते दोन आकडे तक्त्यात कोरेच दिसू द्यायचे. कोऱ्या जागेची जी लाज वाटली ती माझ्या ओरडण्याने वाटली नसती.

जुलै संपता संपता पाच बांयींत पाणी बारा-तेरा फूट वर आलं आणि दोन बांयींत फक्त सहा. का? इथे मजा सुरू झाली आणि कटकट पण. त्या दोन्ही बांयी वरच्या अंगाला, जुन्या खाणीच्या खड्ड्याच्या बाजूला. एका आजीने पोरांना सांगितलं की खाण चालू होती तेव्हा बांय मार्चातच आटायची. झालं, एका पालकाचा हेडमास्तरांना फोन, तुम्ही पोरांना खाणीविरुद्ध शिकवता का. त्यांचे स्वतःचे ट्रक होते, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा कर्ज अंगावर आलेलं, त्यांचाही राग समजण्यासारखा. मी घाबरले, खोटं कशाला बोलू, प्रोजेक्ट इथेच आवरूया असं मनात आलं. पोरांपुढे विषय ठेवला. खूप वाद झाला, शेवटी रिपोर्टात वाक्य असं गेलं, "आजी असे म्हणतात. आम्ही ते मोजलेले नाही. आम्ही फक्त या पावसाचे मोजले." मग त्याच पालकांना आम्ही बोलावलं, तुम्हाला खड्ड्याबद्दल माहीत आहे तर सांगा. आले. सांगितलं की खड्ड्यातलं पाणी पंपाने सतत बाहेर काढावं लागायचं आणि पंप बंद झाल्यावर खड्डा कसा भरत गेला. पोरांनी त्यांनाही आजीच्याच रकान्यात घातलं, 'सांगितलेले'. ते जरा नाराज झाले.

कारण अजून सापडलेलं नाही. जमीन चढाची, एका घराने नवीन कंपाउंड घालून ओहोळ वळवलाय, तेही असू शकतं. कॉम्प्युटरच्या सरांनी ग्राफ काढायला मदत केली. माझे दोन धडे मागे पडलेत, युनिट टेस्ट डोक्यावर, गणितवाले सर तुम्ही "बघा, सांगितलं होतं" म्हणू शकता.

आता अडचण. पोरांना हे मेपर्यंत मोजायचंय, पाणी उतरताना बघायला. पण आमचं वर्ष आता एप्रिलातच सुरू होतं, म्हणजे तोवर ती नववीत आणि माझ्या हाताखालून गेलेली. आणि नववीला आमच्याकडे गणित शिकवणारे सर अगदी तुमच्यासारखे आहेत, मिनिटांचा हिशेब करणारे. त्यांना कसं पटवू?

मडगावचो_पप्पा | २२ सप्टेंबर, रात्री ९.३०

आमच्या चिरंजीवांना आता 'सोलर सिस्टीम' आलीय. मी या वेळी हात लावणार नाही असं सांगितलंय. शनीचं कडं पडतंय, तो डोळ्यांत पाणी आणून बघतोय आणि मी इथे टाइप करतोय.

मानशीकडचो | २२ सप्टेंबर, रात्री ९.४१

पप्पा, हाताची घडी.

नववी_दहावी_गणित | २३ सप्टेंबर, दुपारी २.२०

पटवू नका. आकडे द्या त्यांना. सात बांयींचे वर्षभराचे, पोरांनी स्वतः मोजलेले आकडे मिळत असतील तर मी आलेखाचा अख्खा भाग त्यांवरच घेईन, पुस्तकातलं काल्पनिक कारखान्याचं उत्पादन मला पण कंटाळवाणं होतं. तुमच्या सरांनाही होत असेल, फक्त ते कबूल करणार नाहीत. मोजायला जाणं शाळेच्या वेळेबाहेर ठेवा म्हणजे तास मागायची वेळ येणार नाही.

आणि सुतळी पावसात ओली झाली की आखडते. ती गाठींची चूक पकडली पण ही पकडली का? मोजमापाची चांगली टेप घ्या.

बांयकाठ | २३ सप्टेंबर, रात्री ८.५०

नाही हो सर, ही नाही पकडली! उद्या सांगत मात्र नाही, एक ओली आणि एक सुकी सुतळी व्हरांड्यात नुसती ठेवून देते.

टेप पन्नास फुटी तरी पाहिजे, सर्व्हेवाले वापरतात तशी. डिचोली, साखळीकडे कुणाकडे जुनी पडलेली असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, मी येऊन घेऊन जाईन.